लाभ, दोन, तीन

आमचे रसायनाचे मास्तर दोनपासून मोजायचे. ब्युरेटची तोटी उघडून थेंब सोडत असोत, की वर्गातले मोडके बाक मोजत असोत, पहिल्याला त्यांचे ओठ नुसते हलायचे. आवाज फुटायचा तो थेट ‘दोन’वर. मी त्या शाळेत नवा शिक्षक होतो, आणि ज्यातलं आपल्याला काही कळत नाही त्यावर विनोद करायची मला खोड होती. म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारलं, “सर, तुमचा एक कुठं सांडला?”

त्यांनी तोटी बंद केली. गुडघे वाकवून आपले डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत आणले आणि म्हणाले, “सांडत नाही. तो माझा नाही, म्हणून मी म्हणत नाही.”

मी हसलो. एकटाच.

तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील होती. शाळा वैनगंगेच्या अलीकडं, सागाच्या जंगलाला पाठ लावून बसलेल्या एका गावात. मी पुण्याचा. बी.एस्सी. तिसऱ्या वर्गात झालेला, आणि तो तिसरा वर्गही पेपर तपासणाऱ्याच्या घरी त्या दिवशी काही शुभकार्य असणार म्हणून मिळालेला. पुण्यात मला कुणी दारात उभं करीना आणि या शाळेत यायला कुणी तयार होईना, असा आमचा छत्तीस गुण जुळून विवाह झाला होता.

मास्तर मात्र इथलेच, झाडीपट्टीतले. वर्गात बोलत ते छापील मराठी. चिडले किंवा गोंधळले की ‘का’चं ‘काऊन’ व्हायचं. चिडत ते क्वचित, आणि गोंधळलेले मी एकदाच पाहिले. गाव त्यांना काटेमास्तर म्हणायचं, ते त्यांच्या तराजूमुळं. प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत पितळी काटा होता. त्याच्यापुढं श्वास घ्यायचा तर तोंड वळवून घ्यावा लागे.

ब्युरेटच्या नळीवरचा आकडा वाचताना डोळा पाण्याच्या रेषेत हवा. वरून पाहिलं की एक आकडा दिसतो, खालून पाहिलं की दुसरा. हा नियम मास्तर माणसांनाही लावत. ठेंगण्या हेडमास्तरांशी ते गुडघे वाकवून बोलत; उंच रेंजरसाहेब आले की विटेवर चढून. आणि एकदा रेषेत आले की पापणी न लववता समोरच्याला वाचत राहत. बाया लांबून त्यांना पाहून वाट बदलायच्या. “मानूस चांगला आहे,” आमची पाणी भरणारी बाई म्हणायची, “पर तो पाह्यते तवा वाटते, आपल्या मांगं कोनी उभं आहे.”

त्यांचा दुसरा नियम याहून वाईट होता. रिकामं मोजल्याशिवाय भरलेलं मोजू नये. काट्याचं रिकामं पारडं ते रोज सकाळी आधी तोलत. इथपर्यंत ठीक. पण माझ्या खोलीवर पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा उंबऱ्याबाहेरच थांबले.

“या ना सर.”

“थांबा. रिकामी खोली बघून घेतो.”

“रिकामी कुठं? मी आहे ना.”

“तुम्हाला धरून रिकामी.” कोपरान् कोपरा बघून झाल्यावर ते आत आले. “आपण शिरायच्या आधीची खोली पाहिलेली असावी. नाहीतर मागाहून कोण वाढलं, ते कसं कळणार?”

चहा मी केला. साखरेऐवजी धुण्याचा सोडा घातला, पण तो भीतीनं नव्हे. त्या दोन्ही पुड्या मी शेजारी ठेवत असे. मास्तर एक घोट प्यायले, “सोडा” म्हणाले आणि कप खाली ठेवला. त्यानंतर मी कितीतरी दिवस माझ्याच खोलीत शिरताना दारात थबकायचो. आत कुणी नसायचं. तरी बरं वाटायचं नाही.

तिसरा नियम सांगायचा तर त्या शिकाऱ्याची गोष्ट सांगावी लागेल. गावच्या जमीनदाराच्या, म्हणजे मालगुजाराच्या, पदरी असलेला एक शिकारी एकदा बंदूक घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. म्हणाला, “मास्तर, हे बिघडली का पाहा बरं. नेम धरतो सांबराले अन् लागते झाडाले.” मास्तरांनी सागाच्या खोडावर चुन्याचा ठिपका काढला आणि त्याला बार काढायला लावले. सगळ्या गोळ्या ठिपक्याच्या डावीकडं, एका जागी, चिकटून बसल्या.

“बंदूक नेमकी आहे,” मास्तर म्हणाले, “बरोबर नाही. नेमकं म्हणजे दर वेळी तिथंच. बरोबर म्हणजे जिथं पाहिजे तिथं. ही एकसारखी चुकते, म्हणजे इमानी आहे. तू वीतभर उजवीकडं नेम धर.”

मग मीही हौसेनं एक बार काढला. तो कुठं लागला ते आजतागायत कळलेलं नाही.

“अन् या मास्तरले किती उजवीकडं धराले सांगू?” शिकाऱ्यानं विचारलं.

“यांचा दोष काढता येत नाही,” मास्तर म्हणाले. “यांची प्रत्येक चूक नवीन असते.”

त्यांच्या तोंडून कुणाची मोठ्यात मोठी स्तुती निघाली तर ती ‘नेमकं’ एवढीच. तीही तीनदा तेच उत्तर आल्यावर. एक वाचन म्हणजे गप्प, दोन जुळली म्हणजे योगायोग, तीन जुळली की नेमकं. ‘बरोबर’ हा शब्द ते कुणालाच देत नसत. “बरोबर म्हणायला खऱ्याचं माप जवळ लागतं,” म्हणायचे. “ते कुणाजवळ आहे?”

मोहफुलं वेचायच्या दिवसांत नदीपलीकडच्या एका मोठ्या गावात हैजा, म्हणजे कॉलरा, सुरू झाला. विहिरीत औषध टाकणारा सरकारी माणूस स्वतःच आजारी पडला, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी मास्तरांना विनंती केली. मास्तर निघाले आणि त्यांनी मला बरोबर घेतलं. मला अभिमान वाटला. बैलबंडीत बसल्यावर कळलं, की बाकी सगळ्या शिक्षकांच्या घरी अचानक पाहुणे आले होते.

वाटेत मास्तरांनी काम समजावलं. मागं एका गावात कुणीतरी विहिरीत हात सैल सोडून ब्लिचिंग पावडर ओतली होती. पाण्याला वास मारू लागला, लोकांनी विहीर सोडली आणि ते नाल्याचं पाणी पिऊ लागले. हैजा होता नाल्यात. “कमी पडलं तर रोग मरत नाही. जास्त पडलं तर लोक विहीर सोडतात. जगायची जागा या दोहोंच्या मधे आहे,” ते म्हणाले, “आणि ती लहान आहे.”

संध्याकाळी पोचलो तेव्हा गावातल्या जाणत्यांनी आमच्यापुढं मोहाची दारू ठेवली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं पिण्याआधी पहिले थेंब देवाच्या नावानं जमिनीवर सांडले. मी ते भक्तिभावानं पाहिलं आणि आपला अर्धा वाटा जमिनीवर ओतला. सगळे हसले. पण आपण या मातीतली एक रीत शिकलो, याचा मला फार आनंद झाला. पुढचा घोटाळा त्या आनंदातून झाला.

सकाळी मास्तरांनी एकेका विहिरीचं पाणी तपासलं आणि कुठल्या विहिरीत किती पेले पडायचे ते ठरवून दिलं. पावडर बादलीत कालवून तिची निवळी काढलेली होती. त्यांची एक शिस्त होती. ओतणारा वेगळा, मोजणारा वेगळा. दोन्ही कामं एकानं केली की तो स्वतःलाच फसवतो. ओतणारा मी, मोजणारा गावचा म्हातारा कोतवाल. पहिल्या विहिरीवर मी पहिला पेला भरला आणि कोतवाल खणखणीत आवाजात ओरडला, “लाऽभ!”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाभ! म्हणजे पहिला वाटा देवाचा. मी तो पेला विहिरीशेजारी जमिनीवर ओतला आणि नमस्कार केला. कोतवाल माझ्याकडं बघत राहिला. “दोन,” तो जरा दबकत म्हणाला. तो मी विहिरीत ओतला. सगळ्या विहिरींवर आम्ही हाच विधी केला. कोतवालाच्या नजरेत मला आदर दिसत होता.

राहिली एक विहीर. ती गावात नव्हती. नाल्यापलीकडं एक रीठ होतं, तिथं होती. ओस पडलेल्या गावाला इकडं रीठ म्हणतात. तिथं कुणी राहत नव्हतं, पण मोह वेचणारे लोक तहान लागली की तिथलंच पाणी शेंदत. नाल्याशी आल्यावर कोतवाल खाली बसला.

“मी इथीच बसतो साहेब.”

“काऊन?” मी त्याच्या भाषेत विचारलं. त्यातही मला अभिमान होता.

“तुमी जा. लवकर या. अन् कोनी आवाज देल्ला तं ओ देऊ नका.”

“भर दुपारी तिथं कोण बोलणार?”

“मी कुठी म्हनलं बोलते म्हनून?” कोतवालानं तंबाखूचा बटवा काढला आणि माझ्याकडं पाठ केली.

रिठात घरं नव्हती, घरांची उंची उरली होती. मातीचे लांबट उंचवटे, त्यांवर रानतुळस, मधे एक चिंच. पानगळ झालेल्या सागांतून ऊन सरळ खाली येत होतं आणि कशाचीच सावली पडत नव्हती. एकही पाखरू बोलत नव्हतं. विहीर दगडांनी बांधलेली, पाणी खूप खाली, काळं. मोजायला कुणी नव्हतं, तेव्हा देवाचा वाटाही माफ, असा मी हिशेब केला. पेला भरला, आत ओतला आणि मोठ्यानं म्हणालो, “एक.”

विहीर म्हणाली, “लाऽभ.”

मी ऐकलं आणि मला काही वाटलं नाही. खरं सांगतो, क्षणभर मी ते कामाचा भाग म्हणून स्वीकारलं. दुसरा पेला ओतला. “दोन,” मी म्हणालो. “दोन,” विहीर म्हणाली. मग मानेवरचे केस उभे राहिले. हा घुमून आलेला माझा आवाज नव्हता. जाड होता, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा. पळून गेलो असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. पण पाय हलेनात आणि हात ओतत राहिला. अर्ध्यावर केव्हातरी माझ्या ध्यानात आलं, की आता आधी तो म्हणतोय आणि मागून मी. मास्तरांनी सांगितलेला आकडा आला तेव्हा तो थांबला. मग मीही थांबलो.

परत आलो तेव्हा माझ्या एका पायात चप्पल नव्हती. कोतवालानं माझ्या पायांकडं पाहिलं आणि तंबाखूचा बटवा बंद केला.

औषधाला मुरायला वेळ देऊन मास्तरांनी परीक्षा सुरू केली. प्रत्येक विहिरीचं पाणी पांढऱ्या कपात घ्यायचं, त्यात स्टार्च आणि आयोडाइडचे थेंब टाकायचे. पाणी निळं झालं, तर रोगाला मारून औषध वर उरलंय, म्हणजे प्यायला हरकत नाही. निळं झालं नाही, तर रोग उरलाय. बाया पाण्याचे गुंड घेऊन सकाळपासून उभ्या होत्या. मास्तर सांगत नाहीत तोवर दोर सोडायची मनाई होती. त्यांची पोरं रडूनही थकली होती.

पहिल्या विहिरीचं पाणी निळं झालं नाही. दुसरीचंही नाही. गावातल्या एकाही विहिरीचं नाही.

एक म्हातारी पुढं आली. तिच्या घरात आदल्या दिवशीच एक माणूस गेलं होतं. “मास्तर, लेकरं तहानेनं मरून राह्यले. आमी नाल्यावर जाऊ का मंग?”

कुणीतरी गुंड उचललाही. मास्तरांनी नुसता हात वर केला. “सगळ्या एकसारख्या चुकल्या,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “म्हणजे पावडर वाईट नाही, पाणी वाईट नाही. चुकणारा एक आहे आणि चूक एक आहे.” मग ते माझ्यासमोर आले, गुडघे वाकवले आणि मला वाचू लागले. “पहिला पेला कुठं ओतलात?”

“देवाला,” मी जरा ताठ्यातच म्हणालो. “रीतीप्रमाणं. लाभ म्हटल्याबरोबर.”

कोतवालानं कपाळावर हात मारला. “लाभ म्हंजे एक, साहेब! धान मोजताना पयल्या मापाले एक नाई म्हनत, अपशकुन होते, लाभ म्हनते. लाभ, दोन, तीन!”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“मले वाटलं, पुन्याले असंच करत असतीन.”

बाया हसल्या. साथ लागल्यापासून त्या गावात पहिल्यांदाच कुणी हसलं असावं. ती म्हातारीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मास्तर हसले नाहीत. “आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही एकसारखे चुकलात,” ते मला म्हणाले. “म्हणून दुरुस्त करता येतं. दर विहिरीत एक पेला टाका. आणि तो विहिरीतच टाका.”

टाकला. वाट पाहिली. कपातलं पाणी आधी राखाडी, मग निळं झालं. मास्तरांनी मान हलवली आणि रहाटांचे दोर सुटले, ते आधी त्या म्हातारीच्या विहिरीवर.

रिठातल्या विहिरीचं पाणी शेवटी राहिलं होतं. त्यात थेंब पडताच ते निळं झालं. वर पेला टाकावा लागलाच नव्हता. मास्तर कपाकडं बघत राहिले.

“इथी काऊन बराबर आलं?” ते म्हणाले. मी म्हटलं ना, गोंधळलेले मी त्यांना एकदाच पाहिले.

मी सांगितलं. ‘एक’ म्हटल्यावर काय ऐकू आलं ते, आणि शेवटी कोण थांबलं ते. कोतवालानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तो उठून गेला.

“आवाज कसा होता?”

“जाड. तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा.”

मास्तरांनी कप विसळला. धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. “तंबाखू,” ते म्हणाले.

मग कपाशी बोलावं तसं ते बोलले. ते गाव त्यांचं. बाप मापारी, गालात तंबाखू धरून खळ्यांवर धान मोजायचा. मास्तर तेव्हा इतके लहान, की बापाच्या मांडीला टेकून बसायचे. पहिलं माप बाप म्हणायचा. पुढची मापं पोरानं म्हणायची, मोजणं शिकावं म्हणून. मग एका उन्हाळ्यात हैजा आला आणि मामानं पोराला बंडीत घालून नेलं. फक्त पोराला, दुसरं कुणी न्यायला उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परतताना मास्तरांनी नाल्याशी बंडी थांबवली आणि एकटे पलीकडं गेले. मला अलीकडून दिसत होतं. ते विहिरीवर ओणवले. त्यांचे ओठ हलले. ते थांबले. बैल माश्या हाकलत होते, बाकी काही हलत नव्हतं. खूप वेळानं ते मोठ्यानं म्हणाले, “दोन.”

परत येऊन बंडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्ही काही ऐकलंत?”

“फक्त तुमचं दोन.”

“मीही.” मग बंडी बरीच पुढं गेल्यावर म्हणाले, “एका वाचनावर काही ठरत नाही. आणि तेही तुमचं.”

तेव्हा मला कळलं, की या माणसाला जन्मभर जे एक वाचन हवं होतं, ते जिल्ह्यातल्या सर्वांत भिकार काट्यावर आलं होतं.

ते स्वस्थ बसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी माझा दोष काढायला घेतला. मला भिंतीकडं तोंड करून बसवत आणि मागं मडक्यात खडे टाकत. मी संख्या सांगायची. दाराआडून पुटपुटत, मी शब्द ओळखायचे. कधी काहीच करत नसत आणि विचारत, “काय ऐकलंत?” ही परीक्षा सर्वांत कठीण, कारण काहीतरी सांगायची मला फार इच्छा होई. पोरांना वाटलं दोन्ही मास्तर बिघडले. त्यात अर्धं खरं असेल, पण कोणतं अर्धं ते मला सांगता यायचं नाही. पुढचं वर्ष संपता संपता त्यांनी निकाल दिला. “तुमचे कान नेमके आहेत,” ते म्हणाले. “डोकं मधे आलं नाही तर.”

वर्षअखेर शाळेनं मला निरोप दिला, जरा आग्रहानंच. मास्तर बसपर्यंत आले. टपावर क्लीनर उभा होता. मास्तर खालून एकेक नग त्याच्याकडं देत होते आणि मी पायरीवर उभा राहून बघत होतो. त्यांनी ट्रंक उचलली. त्यांचे ओठ हलले.

“लाऽभ.”

माझ्या कानाशी. जाड आवाजात, गालात काहीतरी धरून. मी वळून पाहिलं. मागं रिकामी बस होती.

“दोन,” मास्तर म्हणाले आणि वळकटी वर दिली. मग माझं तोंड त्यांना दिसलं. मी पायरीवर होतो, म्हणून रेषेत यायला ते टाचा उंचावून उभे राहिले, तरी पोचले नाहीत.

“ऐकलं?”

“ऐकलं.”

त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला धड वाचता आलं नाही. मी वरून बघत होतो.

“म्हणजे दोन वाचनं झाली,” ते म्हणाले. “तिसरं राहिलं. आलं की कळवा.”

बस सुटली.

मास्तर गेल्याचं मला फार उशिरा कळलं. आता माझ्या डोळ्यांत रोज औषध घालावं लागतं. बायको थेंब मोजते. तिला मी मनात मोजायला सांगितलं आहे, पहिल्या आकड्याची जागा रिकामी राहावी म्हणून. भाजीवालीकडून लिंबंही मी न मोजता घेतो. तिला वाटतं म्हातारा भोळा आहे, आणि ती मला बिनदिक्कत फसवते. फसवो बापडी. पण पहिला थेंब डोळ्यावर लोंबकळतो तेव्हा मी कान देऊन पडलेला असतो. मास्तर तंबाखू खात नसत. तेव्हा या खेपेला आवाज स्वच्छ आला, तर तो कुणाचा ते मला लगेच ओळखू येईल. फक्त, कळवायचं कुणाला, हे ते सांगून गेलेले नाहीत.